'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' : आईनं नीलीला शाळेत पाठवलं आणि फ्रान्सीला कामाला, ते बरोबर होतं का?

निवडुंग_८४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

बेटी स्मिथ यांचं 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' परवा रात्री संपवलं आणि तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये. १९४३ सालचं पुस्तक आहे. इंग्रजीतनं वाचायला मला दोन महिने लागले, ऑफिसला जाताना बसमध्ये रोज दहा-बारा पानं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्ग नावाची गरीब वस्ती, १९१२ चा उन्हाळा, फ्रान्सी नोलन अकरा वर्षांची आणि तिचा भाऊ नीली तिच्याहून वर्षानं लहान. वडील जॉनी म्हणजे देखणा माणूस, गोड गळा, लग्नात-पार्ट्यांत गाणारा वेटर म्हणून काम मिळालं तर मिळालं, बाकी दारू. आई केटी भाडं माफ व्हावं म्हणून बिल्डिंगचे जिने पुसते, फरशा घासते, हात सोड्यानं सोललेले. घरातल्या कपाटात अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीला खिळ्यानं ठोकलेला पत्र्याचा डबा, जे काही पैसे येतील त्यातले त्यात टाकायचे, कधीतरी जमिनीचा तुकडा घ्यायचा म्हणून. आणि त्या पैशातनं शेवटी जमीन घेतली ती कुठली, तर जॉनीला पुरायची. तिथं मी बसमधनं उतरायचा स्टॉप चुकले.

भावंडांचे प्रसंग तर एकेक असे आहेत. शनिवारी भंगार गोळा करून विकायचं. घरात खायला काही नसलं की आई दोघांना खेळ लावून देते, आपण उत्तर ध्रुवावर अडकलोय आणि मदत यायचीय, तोवर तग धरायचा. ख्रिसमसच्या आदल्या रात्री न विकली गेलेली झाडं विक्रेता अंगावर फेकतो, जो पडणार नाही त्याला झाड फुकट, आणि सगळ्यात मोठ्या झाडासाठी ही दहा वर्षांची आणि तो नऊ वर्षांचा हात धरून उभे राहतात आणि पडत नाहीत.

पण मला लिहायचंय ते लस टोचायच्या प्रसंगाबद्दल. आई कामावर गेलेली, दोघं चिखलात खेळून तसेच मळक्या हातांनी दवाखान्यात जातात. डॉक्टर फ्रान्सीचा हात बघून नर्सला बोलतो, ही माणसं किती घाण राहतात, पाणी तर फुकट आहे. जसं काही मुलीला ऐकूच येत नाही. नर्स त्याच वस्तीतनं वर आलेली, तीही मान हलवते. टोचून झाल्यावर फ्रान्सी त्याला सांगते, पुढचा माझा भाऊ आहे, त्याचाही हात असाच मळका आहे, त्याला काही बोलायची गरज नाही, मला बोललात तेवढं पुरे.

सात वर्षांची होती हो ती तेव्हा.

आता माझं सांगते कारण प्रश्न त्यातनंच आलाय. आमचं घर इचलकरंजीचं, वडील यंत्रमागावर. शनिवारी पगार झाला की रविवारपर्यंत त्यातलं निम्मं गुत्त्यात. शाळेतनं येताना त्या गुत्त्यावरनंच रस्ता होता आणि कधीकधी वडील बाहेर कट्ट्यावर आडवे दिसायचे, म्हणून मी भावाला घेऊन तळ्याकडनं वळसा घालून यायची, अर्धा तास जास्त लागायचा. त्या रस्त्याला एक म्हातारी चिंचा घेऊन बसायची, भाऊ चिंचांसाठी हट्ट करायचा त्यामुळं मला वेगळं काही कारण सांगायला लागायचं नाही. तो पाच वर्षांनी लहान, त्याला यातलं काही माहीत नाही आणि मी कधी कळू दिलं नाही.

२००२ ला माझी बारावी झाली, अठ्ठ्याहत्तर टक्के. मला पुढं शिकायचं होतं. आई म्हणाली, तू कुठंही गेलीस तरी तुझं तू करशील, त्याला आत्ता धरलं नाही तर तो पण मागावर जाईल. मी टॅलीचा कोर्स केला आणि एका ऑफिसात हिशोब लिहायला लागले. त्याचा डिप्लोमा झाला, इंजिनिअरिंग झालं, आता पुण्याला चांगल्या नोकरीत आहे, स्वभावानं चांगला आहे, आईला बघतो. मी नोकरी करत मुक्त विद्यापीठातनं बीकॉम केलं.

आणि या पुस्तकात केटी जवळजवळ हेच बोलते. जॉनी गेल्यावर दोघंही आठवी पास होऊन कामाला लागलेत, फ्रान्सी वर्तमानपत्रांची कात्रणं काढणाऱ्या कंपनीत भावापेक्षा जास्त कमावते, आणि दोघांपैकी एकालाच हायस्कूलला पाठवणं शक्य आहे. केटी नीलीला पाठवते. का, तर त्याला आत्ता नाही ढकललं तर तो कधीच जाणार नाही, आणि फ्रान्सी काहीही करून शिकेलच. मी ते पान तीनदा वाचलं. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या बाईला माझ्या आईचं वाक्य कसं माहीत?

तर प्रश्न असा की तुम्हाला काय वाटतं, केटी बरोबर होती का? आणि दुसरं, हे पुस्तक मी भावाला वाचायला देऊ का? दिलं तर त्याला वाटेल मी वीस वर्षांनी हिशोब मागतेय. नाही दिलं तर माझ्या मनात राहील. जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

---

पानगळ

माझं अत्यंत आवडतं पुस्तक, दर दोन-तीन वर्षांनी वाचते, त्यामुळं लांब लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट, केटीच्या निर्णयाकडं बघताना ती सुरुवात विसरू नका. नीली जन्मतो तेव्हाच केटी स्वतःशी ठरवते की आपण या मुलावर मुलीपेक्षा जास्त प्रेम करणार पण तिला ते कळू द्यायचं नाही. लेखिका हे आपल्याला सरळ सांगून टाकते, अगदी लवकर. म्हणजे पुढं शाळेच्या वेळेला केटी जे कारण देते ते खरं असेलही, पण त्याच्या खाली हे दुसरं कारण आहेच आणि आपल्याला ते माहीत आहे. फ्रान्सीलाही माहीत आहे, ती मूर्ख नाही. दोघांच्या आठवीच्या निरोप समारंभाची तारीख एकच येते कारण फ्रान्सीनं शाळा बदललेली असते. आई कुठं जाते? नीलीच्या. फ्रान्सीबरोबर मावशी जाते, सिसी. आणि तिथं बाकावर फ्रान्सीच्या नावानं फुलं ठेवलेली असतात, वडिलांच्या हातच्या चिठ्ठीसकट. जॉनी मरायच्या आधी सिसीकडं पैसे आणि चिठ्ठी देऊन गेलेला. वडिलांच्या अंत्यविधीला न रडलेली ही पोर तिथं कोसळते. मी ते प्रकरण अजूनही एका बैठकीत वाचू शकत नाही.

पण तरी मी केटीच्या बाजूनं आहे, सांगते का. जॉनी गेल्यावर जन्मलेली धाकटी मुलगी लॉरी, तिच्या वेळी केटीला कळा सुरू होतात तेव्हा ती कुणाला जवळ ठेवून घेते? नीलीला बाहेर पाठवते आणि फ्रान्सीला हाताशी ठेवते. फ्रान्सीच्या मनात तेव्हा येतं की आईचं माझ्यावर नीलीइतकं प्रेम नसेल, पण तिला माझी गरज जास्त आहे, आणि गरज असणं हे प्रेमाच्या फार जवळचं आहे. केटीकडं देण्यासारखं फार थोडं होतं हो. जेवढं होतं ते जो बुडेल त्याला दिलं, जो पोहू शकतो त्याला नाही दिलं. वाईट वाटतं, पण मी आई असते तर मीही बहुतेक हेच केलं असतं.

भावाला पुस्तक द्या. हिशोब म्हणून नका देऊ, लशीच्या प्रसंगासाठी द्या.

---

खडू_फळा

मी तेहतीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. पानगळ यांचं लिखाण चांगलं आहे पण मला पटत नाही आणि मी स्पष्ट लिहिणार आहे.

'ती हुशार आहे, ती करेल काहीतरी' हे वाक्य मी पालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की पोटात गोळा येतो. दहावीचा निकाल लागला की पालक येणार, मुलगी ऐंशीच्या पुढं, मुलगा कसाबसा पास, आणि क्लास कुणाला लावणार तर मुलाला, कारण त्याला गरज आहे. ऐकायला किती न्यायाचं वाटतं. म्हणजे मुलीनं मेहनत केली ही तिचीच चूक झाली, नापास झाली असती तर निदान क्लास तरी लागला असता. त्या मुलींपैकी ज्यांनी पुढं खरंच काहीतरी केलं त्यांची नावं मला आठवतात, कारण त्या थोड्या आहेत. बाकीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन शाळेत आल्या.

कादंबरीत फ्रान्सी उन्हाळी वर्गात जाऊन कॉलेजचे विषय देते, हायस्कूल न करता शेवटी मिशिगन विद्यापीठात पोचते, म्हणून केटीचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं. पण ते खरं ठरलं कारण लिहिणारी बाई स्वतः तशी होती. बेटी स्मिथ यांना चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागावं लागलं होतं आणि पुढं लग्न होऊन मुलं झाल्यावर त्या मिशिगन विद्यापीठात हायस्कूलचा दाखला नसतानाही खास विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसल्या. फ्रान्सीची जन्मतारीख १५ डिसेंबर आहे, लेखिकेचीही तीच. ज्या पोचल्या त्या पुस्तक लिहितात. ज्या पोचल्या नाहीत त्यांची कादंबरी आपल्या हातात येत नाही, त्यामुळं आपल्याला वाटत राहतं की हुशार मुलगी आपोआप पोचतेच.

निवडुंगताई, तुम्ही नोकरी करत बीकॉम केलंत हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. मला ती ओळ थांबून वाचावीशी वाटली. त्या वेळी घरात कुणी पेढे आणले होते का?

---

दुपारचा_चहा

मध्येच विचारते, माफ करा, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि इंग्रजी चांगलं वाचते, तिला देता येईल का? वर्णनावरनं तर अगदी तिच्या वयाचं वाटतंय.

---

पानगळ

देता येईल पण आधी तुम्ही वाचा. जिन्यात लपून बसलेल्या एका विकृत माणसाचा प्रसंग आहे, फ्रान्सीवर हल्ला होता होता आई त्याला गोळी घालते. लेखिकेनं काही लपवलेलं नाही. माझ्या मते त्या वयाच्या मुलीला कळायला हवंच, पण तिनं ते एकटीनं वाचण्यापेक्षा तुम्ही आसपास असलेलं बरं. इंग्रजी अवघड नाही, जुन्या ब्रुकलिनची बोलीभाषा मात्र मध्येमध्ये अडखळवते.

---

धाकटा_६

मी सहसा पुस्तकांच्या धाग्यांवर लिहीत नाही, क्रिकेटच्या धाग्यावर असतो, पण हा वाचून राहवलं नाही. मी तो भाऊ आहे. म्हणजे तुमचा नाही, पण तोच.

आमच्याकडं दोन बहिणी आणि मी शेवटचा. वडील एसटीत होते, दारूपायी दोनदा सस्पेंड झाले. मोठीनं शाळा सोडून शिलाईचं काम धरलं आणि मी पॉलिटेक्निकला गेलो. मला कुणी विचारलं नव्हतं जायचंय का. पुस्तक मी वाचलेलं नाही म्हणून विचारतो, त्या नीलीला कुणी विचारलं का? कारण मला नव्हतं जायचं. मला गॅरेजमध्ये काम करायचं होतं, मला ते आवडायचं आणि येत होतं. पण ताईनं शाळा सोडलीय म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार. एम थ्री मध्ये, म्हणजे गणिताच्या पेपरात, मी दोनदा उडालो, आणि दोन्ही वेळा घरी सांगितलं की निकाल लागायचाय अजून. ताई मशीनवर बसलेली असायची, पायाचा आवाज चालू, आणि मी तिच्या मागनं माडीवर जायचो, तिच्या समोरनं जायची हिंमत नव्हती. त्या मशीनचा आवाज आजही कुठं ऐकला की माझी मान खाली जाते.

तुम्ही लिहिलंय की भावाला काही माहीत नाही. ताई, आम्हाला माहीत असतं. सगळं नसेल माहीत, पण असतं. आम्ही बोलत नाही कारण बोललं की त्याचं काय करायचं ते कळत नाही, उपकार फेडायचे म्हणजे काय द्यायचं, टीव्ही घेऊन द्यायचा का? मी दिला टीव्ही. ताईनं हसून ठेवून घेतला.

द्या पुस्तक. पण हातात देऊन निघून जाऊ नका, फोन करा आणि बोला. तो बोलणार नाही पहिल्यांदा. परत करा.

---

पानगळ

धाकटा, तुम्ही न वाचता नेमक्या जागी बोट ठेवलंत. नीलीला नसतं जायचं. तो आईला स्पष्ट सांगतो की मला शाळा नको, मला काम करून पैसे मिळवायला आवडतंय, फ्रान्सीला पाठव. आणि तरीही त्यालाच जावं लागतं. मी एवढ्या वेळा वाचलं पण त्याच्या बाजूनं ते पान कधी वाचलं नव्हतं. आता परत काढते.

---

सकाळची_पाळी

मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात काही वर्षं स्वयंसेवक म्हणून जाते, तिथनं थोडं लिहिते. कादंबरी कॉलेजात असताना वाचली होती आणि तेव्हा मला सरळसरळ जॉनी आवडला होता, केटी कडू वाटली होती. आता उलटं वाटतं असंही नाही. पण ते तसं का वाटलं होतं हे आता कळतं.

जॉनी रात्री दोनला लग्नातनं येताना उरलेलं भारी भारी खाणं घेऊन येतो, मुलं उठून बसतात, सगळं घर जागं होतं, गप्पा, गाणी. मुलांच्या लक्षात काय राहणार? ते राहणार. केटी रोज सकाळी बादली घेऊन जिना पुसायला जाते ते कुणाच्या लक्षात राहणार नाही, कारण ते रोज आहे. दारू पिणाऱ्याच्या घरात गोड आठवणी बहुतेक वेळा पिणाऱ्याच्या नावावर जमा होतात आणि कडूपणा न पिणाऱ्याच्या. आमच्याकडं गटात मोठी झालेली मुलं येतात, चाळिशीतली, पन्नाशीतली, आणि बोलायला लागली की वडिलांबद्दल रडतात आणि आईबद्दल रागावतात. मग त्यांचं त्यांनाच नवल वाटतं. निवडुंगताई, तुमच्या पोस्टमध्येही वडिलांवर राग कुठं दिसला नाही, प्रश्न सगळा आईच्या निर्णयाबद्दल आहे. मी हे दोष म्हणून सांगत नाहीये, फक्त दिसलं म्हणून लिहिलं.

लेखिकेनं जॉनीला एकदाही खलनायक केलेलं नाही आणि त्याची दारू एकदाही गोड करून दाखवलेली नाही, हे मला फार मोठं वाटतं. तो मरतो पस्तिशीच्या आत, न्यूमोनियानं आणि दारूनं. डॉक्टर दोन्ही लिहायला निघतो. केटी अडवते, म्हणते फक्त न्यूमोनिया लिहा, माझी दोन चांगली मुलं आहेत, त्यांना पुढं जायचंय. किती घरांत हे झालंय ते आमच्यासारख्यांना विचारा. 'हार्टनं गेले', 'कावीळ झाली होती'. आणि शाळेत काय होतं बघा. वडील गेल्यावर फ्रान्सी त्यांच्याबद्दल खरं खरं निबंधात लिहायला लागते तर बाई सांगतात की गरिबी, भूक, दारू हे लिहायचे विषय नाहीत, ते किळसवाणं आहे. म्हणजे कागदावर न्यूमोनिया आणि निबंधात फुलंपाखरं, मुलीनं खरं बोलायचं कुठं? मग ती घरी येऊन ते शाबासकी मिळालेले खोटे गोड निबंध चुलीत घालते आणि वडिलांबद्दलचे ठेवते.

आपल्याकडं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं, तिथं पिणाऱ्यांच्या बायकांचा सहचरी म्हणून गट चालतो. अल-अनॉन हा गट पिणाऱ्यांच्या कुटुंबातल्या माणसांसाठी आहे आणि अलाटीन तर १९५७ पासून खास किशोरवयीन मुलांसाठी. मोठ्या झालेल्या मुलांनीही अल-अनॉनला जायला हरकत नसते, वडील हयात असोत नसोत. सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून.

भावाला पुस्तक द्यायचं की नाही यावर माझं मत: धाकटा यांनी सांगितलं तेच. फोन आधी, पुस्तक नंतर.

---

रानवाट

झाडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. नावातलं झाड म्हणजे आयलँथस, मूळचं चीनचं, अमेरिकेत त्याला स्वर्गवृक्ष म्हणतात. सिमेंटच्या फटीत, बंद तळघराच्या जाळीतनं कुठंही उगवतं, आणि गरीब वस्तीतच जास्त दिसतं असं पुस्तकात म्हटलंय. त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडं आहे, महारुख. लांब संयुक्त पानं, हलकं लाकूड, काड्यापेटीच्या काड्यांना वापरायचे. उन्हाळ्यात पंखवाल्या शेंगांचे घोस लटकलेले असतात. मराठवाड्याकडं, नगरकडं रस्त्याच्या कडेला बघितलं असेल सगळ्यांनी, नाव माहीत नसतं. कादंबरीच्या शेवटी अंगणातलं ते झाड तोडतात, कपडे वाळत घालायला अडचण होते म्हणून, बुंधा जाळायचाही प्रयत्न होतो, आणि बुंध्यातनं परत फूट येते. महारुखही तोडला की असाच फुटतो, आमच्या बांधावर तीनदा बघितलंय.

---

निवडुंग_८४

उत्तर द्यायला आठवडा लागला, माफी असावी. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

खडू-फळा बाई, पेढे नव्हते आणले. मार्कलिस्ट अभ्यासकेंद्रातनं मीच घेऊन आले, संध्याकाळचे सहा वाजले होते, आई पापड लाटत होती, ती म्हणाली झालं का एकदाचं, बरं झालं. एवढंच. भावाच्या पदवीदानाला आम्ही सगळे गाडी करून गेलो होतो, मी नवी साडी घेतली होती, आणि खरंच सांगते त्या दिवशी मला आनंदच झाला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी स्वतःच कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसातही नाही.

सकाळची पाळी, तुमचं वाचून दोन दिवस राग आला होता, तुमचा नाही, कशाचा ते कळत नव्हतं. वडील २०११ ला गेले. मला त्यांचं आठवतं ते काय तर पावसात खांद्यावर बसवून पंचगंगेचा पूर दाखवायला नेलेलं. आई त्या दिवशी कुठं होती ते मला आठवतच नव्हतं. मग आईलाच विचारलं. ती म्हणाली, कुठं असणार, कांड्या भरायला गेले होते, तू पुराचं सांगत होतीस रात्री, मला झोप येत होती. बस एवढं बोलली आणि भाजी निवडत बसली. मी तिच्याबरोबर निवडत बसले.

केटी बरोबर की चूक ते मला अजून सांगता येत नाही. पानगळ यांचं वाचताना ते पटतं आणि बाईंचं वाचताना ते. आईवरचा राग कमी झालाय असं नाही, पण आता तो एकटा नाहीये, त्याच्याबरोबर दुसरंही काही आहे.

आणि धाकटा, तुमचं ऐकून फोन केला. रविवारी सकाळी. मी पुस्तकाचं सांगितलं, फ्रान्सीचं, लशीचं, शाळेचं. तो नुसता हं हं करत होता. म्हणाला मीटिंग आहे, नंतर बोलतो. रविवारी कसली मीटिंग. मी मनात म्हटलं झालं, उगीच केला. तुम्ही परत करा म्हटलं होतं म्हणून मंगळवारी परत केला, तेव्हाही त्याच्या मुलाच्या शाळेचं, गाडीच्या सर्व्हिसिंगचं बोलला. मग मीच हिय्या करून विचारलं की तुला आठवतं का आपण शाळेतनं तळ्याकडनं यायचो ते.

बराच वेळ बोललाच नाही, मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाला, आक्का, कोपऱ्यावर आलं की पप्पांची सायकल दिसायची. तू पिशवी सांभाळत मागनं यायचीस, मला आधी दिसायची. हिरवी, कॅरिअरला दोरी बांधलेली. ती दिसली की मी चिंचांचा हट्ट सुरू करायचो, म्हणजे तुला बघायला लागू नये.

मी म्हटलं, पण तू तर रोज खायचास चिंचा.

म्हणाला, नाही गं, आंब पडायचं तोंड. मला कधीच आवडल्या नाहीत.

पुस्तक कुरिअर केलंय काल. तो म्हणतोय इंग्रजी वाचायची सवय गेली, तू रोज फोनवर थोडं थोडं वाचून दाखव. तर आजपासनं रात्री साडेनऊला सुरू करतोय. पहिलं पान आत्ताच एकदा मोठ्यानं वाचून बघितलं, उच्चार अडतात दोन-तीन ठिकाणी. पानगळ, ते 'आयलँथस'चं इंग्रजी उच्चारण कसं करतात ते जरा लिहा ना, नऊच्या आत जमलं तर बरं होईल.